आभारांचा खर्च कोणत्या रकान्यात मांडता?

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांच्या विश्वस्तांना खुलं पत्र

आदरणीय विश्वस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी काहींच्या संस्थांचे हिशेब माझ्या हाताखालून गेलेले आहेत. मी सीएच्या कार्यालयात नोकरी केली. ताळेबंदावर सही साहेबांची असायची. व्हाउचरं चाळणं, पावती पुस्तकांच्या स्थळप्रती जुळवणं, 'हे बिल कशाचं?' असं विचारून व्यवस्थापकांना वैताग आणणं, ही कामं माझी. आश्रमशाळा, वाचनालयं, वृद्धाश्रम, धर्मादाय दवाखाने, एखाददुसरं देवस्थान. आता निवृत्त आहे आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. चार-पाच संस्थांना दरवर्षी फूल ना फुलाची पाकळी पाठवतो. या दोन्ही बाजूंनी जे पाहिलं त्यावरून आपल्याशी एका खर्चाविषयी बोलायचं आहे. देणगीदारांचे आभार मानायला, त्यांना सांभाळायला आणि नवे देणगीदार गळाला लावायला होणारा हा खर्च. तुमच्या वार्षिक अहवालात त्याचा उल्लेख मला आजवर सापडलेला नाही.

तो सापडतो कुठे, ते आधी सांगतो.

सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा आपला कायदा १९५० चा. त्याखाली उत्पन्न-खर्चाचं पत्रक अनुसूची नऊमध्ये भरावं लागतं. त्यात मालमत्तेवरचा खर्च, आस्थापना खर्च, विश्वस्तांचं मानधन, कायदेशीर खर्च, लेखापरीक्षण शुल्क, घसारा, किरकोळ खर्च अशा ओळी आहेत आणि मग न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना साहाय्य, इतर धर्मादाय. देणगी मिळवण्यासाठी केलेल्या खर्चाला स्वतंत्र ओळ नाही. तेव्हा देणगी गोळा करायची म्हणजे पावती पुस्तक काखोटीला मारून घरोघर फिरायचं. वेगळ्या ओळीची गरज कुणाला वाटली नसावी.

आता ओळच नाही म्हटल्यावर खर्च कुठेतरी बसवावा लागतो. सन्मानचिन्हांचं बिल 'शैक्षणिक साहित्या'त बसतं. आर्ट पेपरवर छापलेली रंगीत स्मरणिका 'जनजागृती'त बसते. मोठ्या देणगीदाराला विमानतळावरून आणणारी गाडी 'प्रकल्प प्रवास' होते. एका वसतिगृहाच्या भोजनखर्चात एके दिवशी अचानक पनीर आणि बासुंदी उगवली. मुलं ऐंशी, ताटं तीनशे. व्यवस्थापकांना विचारलं तर ते अगदी सहज म्हणाले, "मुलांसाठीच तर चाललंय ना हे सगळं!" माणूस लबाड नव्हता. तो खरोखर तसं मानत होता, आणि म्हणूनच मला ते उत्तर जास्त खटकलं. पैशांत अफरातफर नव्हती, प्रत्येक बिल खरं होतं, तरी पत्रक वाचणाऱ्याला वाटणार की त्या संस्थेनं मुलांच्या जेवणावर अमुक लाख खर्च केले.

हा खर्च किरकोळ असतो, असं आपण म्हणाल. नमुन्याचा हिशेब मांडून पाहू. आकडे माझ्या अंदाजाचे, गावागणिक थोडे कमी-जास्त धरा. मध्यम शहरातला साधासा कृतज्ञता सोहळा. दोनशे पाहुणे, चारशे रुपये ताट, झाले ८०,०००. पन्नास जणांना शाल, श्रीफळ आणि अॅक्रिलिकचं सन्मानचिन्ह, माणशी सातशे धरले तर ३५,०००. हॉल आणि साउंड सिस्टीम ३०,०००. निमंत्रणपत्रिका, फ्लेक्स, फोटो-व्हिडिओ, पुष्पगुच्छ मिळून २५,०००. बेरीज १,७०,०००. वसतिगृहातल्या आयाताईंना महिन्याला चौदा हजार पगार दिला तर वर्षाचे होतात १,६८,०००. यात कर्मचाऱ्यांचे दिवस धरलेलेच नाहीत. सोहळ्याआधीचा आख्खा पंधरवडा कार्यालयात दुसरं काम होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

याचा अर्थ सोहळा करूच नये असा नाही. दोन लाखांच्या सोहळ्यातून वीस लाख उभे राहत असतील तर मी म्हणेन, अवश्य करा, वर्षातून दोनदा करा. माझा प्रश्न असा की हे मोजलं कुणी? मी पाहिलेल्या इतिवृत्तांमध्ये सोहळ्याला कोण आलं, कुणाचं भाषण झालं, हे सविस्तर असे. 'गेल्या वर्षी सत्कार केलेल्यांपैकी कितीजणांनी यंदा पुन्हा देणगी दिली' ही नोंद मात्र एकदाही दिसली नाही. पावती पुस्तकांवरून ती काढायला एका माणसाला दोन दिवस पुरतात.

आता तुमचं हुकमी उत्तर. 'हा कार्यक्रम एका हितचिंतकांनी प्रायोजित केला आहे, संस्थेचा एक पैसाही खर्च झालेला नाही.' सूत्रसंचालक हे माइकवरून सांगतो आणि टाळ्या पडतात. विश्वस्तहो, त्या हितचिंतकांचा पैसा हासुद्धा संस्थेला मिळालेला पैसाच. बहुतेक वेळा त्याची पावती फाडलेली असते, त्यावर ८०जीचा, म्हणजे देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीचा, शिक्का असतो आणि ते गृहस्थ त्याची वजावट घेतात. म्हणजे जेवणावळीच्या खर्चात थोडा वाटा सरकारी तिजोरीचाही असतो. आणि समजा पावती नसली, तरी तो माणूस संस्थेसाठी पावणेदोन लाख काढायला तयार होता; ते कशासाठी मागायचे हे तुम्ही ठरवलंत, आणि तुम्ही जेवण मागितलंत. या गृहस्थांकडे मी नंतर परत येणार आहे, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली त्यांच्यापाशी आहे.

पैशांहून मला जास्त छळणारा एक खर्च आहे, त्याचं व्हाउचरच निघत नाही. मुलांचा.

निवासी संस्थांमध्ये देणगीदार येणार म्हटलं की स्वागतगीत बसवतात. मोठा देणगीदार असेल तर लेझीम, नाच, दिंडीचा देखावा. ज्या मुलांना घर नाही म्हणून ती तिथं आहेत, ती पाहुण्यांच्या करमणुकीसाठी शनिवारी दुपारी ताटकळत उभी. पाहुणे उशिरा येतात, कारण वाटेत दुसरा कार्यक्रम असतो. मग केक कापतात. शहराजवळच्या अनाथालयांत वाढदिवसाच्या जेवणासाठी रविवार लग्नाच्या कार्यालयासारखे आधीच बुक झालेले असतात. रविवारी दुपारी गुलाबजाम, रात्री पुन्हा कुणाचं तरी श्रीखंड, आणि मंगळवारी दुधाचे पैसे थकलेले. 'जेवणाऐवजी दुधाचे पैसे द्या' असं म्हणायला व्यवस्थापक धजावत नाही. देणगीदार दुखावेल ही भीती. ही भीतीच तुमच्या संस्थेत कारभारी होऊन बसली आहे.

फोटोंचं तर विचारूच नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला, त्यांची छायाचित्रं छापायला मनाई करतं. तरी देणगीदाराच्या मांडीवर बसवलेलं पोर तुमच्या वार्तापत्राच्या मुखपृष्ठावर असतं, फेसबुकवर असतं, देणगीदाराच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही असतं. ते पोर उद्या कॉलेजात जाईल, नोकरीच्या मुलाखतीला जाईल, त्याचं लग्न ठरेल. देणगीदाराच्या समाधानाची किंमत त्यानं का भरायची? यावर काही विश्वस्त म्हणतात की फोटो नसला तर देणगी येत नाही. मग नाही येणार. काही पैसे सोडून द्यावे लागतात.

बरं, या सगळ्यानं देणगी वाढते का? आपण सगळे गृहीत धरतो की वाढते. परदेशात यावर रीतसर प्रयोग झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष आपल्या समजुतींना एका दिशेनं दुजोरा देत नाहीत.

२००१ साली नाताळच्या तोंडावर स्वित्झर्लंडमध्ये झ्यूरिक परिसरातल्या सुमारे दहा हजार देणगीदारांना एका संस्थेनं पत्रं पाठवली. पैसे हवे होते ढाक्यातल्या रस्त्यावरच्या मुलांच्या शाळांसाठी. एक तृतीयांश लोकांना नुसतं पत्र, एक तृतीयांशांना सोबत मुलांनी काढलेल्या चित्राचं एक भेटकार्ड, उरलेल्यांना चार कार्डं. एक कार्ड मिळालेल्यांमध्ये देणगी देणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या पत्रापेक्षा १७ टक्क्यांनी वाढलं आणि चार कार्डं मिळालेल्यांमध्ये ७५ टक्क्यांनी. म्हणजे भेटवस्तू चालते, चांगलीच चालते. पण इथे भेट देणगीच्या आधी आलेली आहे. न मागता हातात ठेवलेल्या वस्तूचं ओझं वाटतं, आणि माणूस ते उतरवतो. ही युक्ती चालते म्हणून ती मला आवडत नाही. मुंबईत १९७९ मध्ये रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेल्या क्राय या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं शुभेच्छापत्रं विकली. कार्ड हवं असेल तर पैसे द्या, व्यवहार उघड. फुकट पाठवून संकोचात टाकणं ही वेगळी गोष्ट.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, बराच मोठा. सार्वजनिक टीव्ही केंद्रांना वगैरे देणगी देणाऱ्या पाच लाखांहून अधिक लोकांवर सहा वर्षं चाललेला. काहींना देणगी दिल्यावर आभाराचा फोन केला, काहींना केला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा देणगी देण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. गंमत अशी की या क्षेत्रातल्या जाणकारांना आधी अंदाज विचारले होते आणि त्यांना खात्री होती की फोनमुळे चांगली वाढ होईल. आपल्याकडे 'आभाराचा फोन केलाच पाहिजे' असं शिकवणाऱ्या कार्यशाळा निघाल्यात, त्यांचं शुल्कही न्यासाच्याच पैशांतून भरलं जातं.

हे मी फोन करू नका म्हणून सांगत नाहीये. फोन करा, माणुसकी म्हणून करा. फक्त तो गुंतवणूक समजून करू नका, आणि त्यासाठी पगारी टेलिकॉलर ठेवू नका.

अतिरेक कुठवर जातो ते ब्रिटननं पाहिलं. ब्रिस्टलच्या ऑलिव्ह कुक या ९२ वर्षांच्या बाई आयुष्यभर युद्धस्मृतीच्या पॉपी, म्हणजे छातीवर लावायची लाल फुलं, विकून निधी जमवायच्या. २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांच्या घरी येणाऱ्या मदतीच्या पत्रांचा ढीग चर्चेत आला. मृत्यूचं कारण तो नाही, असं त्यांच्या कुटुंबीयांनी स्पष्ट केलं. तरी चौकशीत निघालं की ९९ संस्थांकडे त्यांचं नाव-पत्ता होता, आणि पुष्कळांनी तो दुसऱ्यांकडून मिळवलेला होता. पुढच्या वर्षी तिथं निधीसंकलनावर देखरेख करणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडे रेल्वे स्टेशनबाहेर आणि मॉलच्या दारात टॅबलेट घेऊन उभी असलेली, गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलं-मुली पाहिलीत ना? त्यांतली बरीचशी संस्थेची नसतात, कंत्राटी कंपनीची असतात. एकदा नंबर दिला की वर्षभर फोन. आपण त्याच रस्त्याला लागलो आहोत, फक्त आपल्या यादीत अजून ९९ संस्था नाहीत.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती, असं म्हणून मी जुन्याचे गोडवे गाणार नाही. मोठ्या देणगीदाराला खूश ठेवणं आपल्याकडेही जुनंच. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. पुढे १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव लागलं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. तो आभाराचाच एक प्रकार होता, शंभर वर्षं टिकलेला. पण त्यात दोन गोष्टी होत्या. अट काय आहे ते जगाला माहीत होतं. आणि नाव द्यायला पैसे पडत नाहीत. देणगी होती ती मुलींच्या शिक्षणासाठी. आजही मला संगमरवरी पाटीचं वावडं नाही. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं पंख्याच्या पात्यावर रंगवलेलं असलं तरी हरकत नाही, पंखा फिरतोय ना! (तीन पात्यांवर तीन वेगवेगळ्या कैलासवासी मंडळींची नावं असलेला पंखा मी एका वाचनालयात पाहिला आहे. तो सुरू झाला की कुणावरच अन्याय नाही.)

दुसरं टोक तळेगावच्या पैसाफंडाचं. अंताजी दामोदर काळ्यांची कल्पना अशी की प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. लोकमान्यांनी ती उचलून धरली आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्या काळी पोस्टकार्डाची किंमत पाव आणा होती, म्हणजे बरोबर एक पैसा. प्रत्येक देणगीदाराला आभाराचं कार्ड टाकलं असतं तर कारखान्याला कवडीही उरली नसती. लोकांनी तरी दिलं. तसंच साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाचं. घरोघरच्या बायका मूठभर धान्य बाजूला ठेवत आणि त्यावर वसतिगृहातली मुलं जेवत. तिथं सत्काराची पंगत उठवायची तर तीच मूठ आडवी आली असती.

हल्लीचंही उदाहरण आहे. 'लोकसत्ता'नं २०११ पासून गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' या नावानं निवडक संस्थांची ओळख करून द्यायला सुरुवात केली आणि वाचकांनी त्यांना भरभरून धनादेश पाठवले. त्या वाचकांना कुणी आधी जेवायला बोलावलं नव्हतं, की कार्डं पाठवली नव्हती. संस्था काय करते, तिला पैसे कशाला हवेत आणि किती, एवढं कुणीतरी नीट लिहिलं होतं.

आता आमच्या बाजूचं. दोष एकट्या विश्वस्तांचा नाही, आम्हा देणगीदारांचाही आहे, आणि थोडाथोडका नाही. आम्ही विचारतो, 'माझ्या शंभर रुपयांतले किती थेट गरिबापर्यंत जातात?' आणि आम्हाला उत्तर हवं असतं शंभर. हिशेबनीस, वीजबिल, संगणक, लेखापरीक्षण यांना पैसा कुठून येणार याची आम्हाला पर्वा नसते. सीएसआरवाल्या, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी पैसे देणाऱ्या, कंपन्या याहून कडक. कंपनी कायद्यानुसार नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के त्यांना खर्च करावे लागतात, पण संस्थेच्या पगाराला पैसे मागितले की कपाळाला आठ्या. परदेशी देणग्यांच्या कायद्यात प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली. सगळीकडून संस्थेला एकच सांगणं: खर्च दाखवू नका. मग ती दाखवत नाही. पनीर 'विद्यार्थी भोजना'त जातं ते यामुळे.

आणि या कंपन्यांची ती श्रमदानाची सहल! चाळीस तरुण बसमधून येतात, शाळेची भिंत रंगवतात, एकसारखे टी-शर्ट, फोटो, दुपारचं जेवण, परत. त्यांच्या चहापाण्याची, सावलीची, स्वच्छतागृहाची सोय संस्थेनं करायची, वर एक शिक्षक दिवसभर त्यांच्या दिमतीला. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला हसत हसत सांगितलं होतं की त्यांची दर्शनी भिंत दरवर्षी नव्यानं रंगते आणि मागच्या खोल्यांचं छप्पर गळतंच आहे, कारण छपरावर चढून फोटो काढता येत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हिशेब मला त्या शाळेत लख्ख दिसला.

त्यात पुढची काही वर्षं तुम्हाला आणखी अवघड जाणार. नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून तीच प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर वेगळं सांगावं लागतं. म्हणजे मार्चअखेर 'कर वाचवा' म्हणून येणाऱ्या देणग्या आटणार. तेव्हा कुणीतरी सल्लागार तुम्हाला सांगेल की आता देणगीदारांशी 'नातं' घट्ट करा, आणि त्याच्या पॅकेजमध्ये सोहळा, कार्ड, अॅप, कॉल सेंटर सगळं असेल. सही करण्याआधी पुढचं वाचा, एवढी विनंती.

वर ज्या प्रायोजक गृहस्थांचा विषय अर्धा सोडला, ते इथे उपयोगी पडतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग आहे. चाळीस हजार लोकांना एका संस्थेसाठी आवाहनाची पत्रं गेली, दहा-दहा हजारांचे चार गट. एका गटाला नुसतं आवाहन. एका गटाला सांगितलं की एका मोठ्या देणगीदारानं सुरुवातीची रक्कम दिलेली आहे. एकाला सांगितलं की तुम्ही द्याल तेवढीच भर तो घालेल. आणि चौथ्या गटाला सांगितलं की या मोहिमेचा सगळा वरखर्च त्या देणगीदारानं आधीच भरलेला आहे, त्यामुळे तुमचा प्रत्येक डॉलर थेट कामाला जाईल. पहिल्या गटातून सुमारे आठ हजार डॉलर आले, मधल्या दोघांतून बारा-तेरा हजार, आणि चौथ्यातून तेवीस हजारांवर. मोठ्या देणगीदाराची रक्कम तीच. ती कशासाठी वापरली हे सांगण्यात फरक.

तेव्हा पुढच्या वेळी ते गृहस्थ म्हणाले, 'यंदाचं जेवण माझ्याकडून', तर त्यांना खुर्चीवर बसवा, चहा द्या आणि म्हणा, 'साहेब, जेवणाऐवजी आमच्या हिशेबनिसाचा वर्षाचा पगार द्या.' ऐकायला रुक्ष वाटतं, मान्य. पण त्यातून तुमच्या हाती एक वाक्य येतं, जे दोनशे ताटांतून येणार नाही: 'कार्यालयाचा खर्च एका देणगीदारानं स्वतंत्रपणे उचलला आहे, तुमचे पाचशे रुपये पूर्णपणे वसतिगृहाला जातील.' आणि ते वाक्य खरं असेल. आज तुमच्यातल्या ज्या संस्था छापतात की 'प्रशासनावर एक पैसाही खर्च होत नाही', त्यांच्या बाबतीत ते बहुधा खरं नसतं, हे मी व्हाउचरं चाळलेला माणूस सांगतो. त्या गृहस्थांचं नाव लावायचं असेल तर कार्यालयाच्या दारावर लावा. माझी काही तक्रार नाही.

मग राहतो तो रकाना. अमेरिकेत संस्थांना भरावं लागणारं ९९० नंबरचं पत्रक आहे, त्यात खर्चाचे तीन उभे स्तंभ असतात: कामावर, प्रशासनावर, निधी मिळवण्यावर. ब्रिटनमध्येही निधी मिळवण्याचा खर्च वेगळा दाखवतात. आपल्या अनुसूचीत तो नाही, पण अनुसूचीला जोडलेल्या तपशिलात एक वेगळी ओळ लिहायला कायद्यानं कुणाचा हात धरलेला नाही. 'देणगी संकलन व देणगीदार संपर्क' असं साधं नाव द्या. सोहळा, सन्मानचिन्ह, स्मरणिका, कॅलेंडर, कुरियर, कंत्राटी कंपनीचं कमिशन, देणगीदारासाठीची गाडी, सगळं त्यात घाला. प्रायोजित असेल तर तसं लिहून घाला, पण घाला. ओळ मोठी दिसली म्हणून आम्ही पळून जाऊ, ही तुमची धास्ती असेल. काही जातील. मी जाणार नाही. आठ टक्के खर्च करून निधी जमवणारी संस्था मला शून्य टक्के सांगणाऱ्या संस्थेपेक्षा कितीतरी विश्वासू वाटते.

आणि आभार? ते मानायचेच असतील तर दोन कामं वेळेवर करा. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेनं ३१ मेपर्यंत १०बीडी हे विवरण भरायचं आणि देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र द्यायचं आहे. जुन्या प्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्यांना त्याशिवाय वजावट मागता येत नाही. माझ्या घरी एका संस्थेकडून दिवाळीत चकचकीत टेबल-कॅलेंडर आलं आणि प्रमाणपत्रासाठी मी जुलैपर्यंत फोन करत राहिलो. फोन उचलणाऱ्या मुलीला १०बीई म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. तिचा काय दोष. दुसरं काम म्हणजे वर्षातून एकदा एक पानभर कागद: यंदा काय ठरवलं होतं, काय झालं, काय जमलं नाही, किती पैसे उरले. जमलं नाही ते मुद्दाम लिहा. साध्या कागदावर, काळ्या शाईत चालेल, ईमेल तर फुकटच आहे. पाचशे रुपये देणाऱ्याला आणि पाच लाख देणाऱ्याला तेच पान.

पाच लाखवाल्याला तेवढं पुरणार नाही, असं तुमच्यातले अनुभवी म्हणतील. त्याला यायचं असतं, पाहायचं असतं, कुणीतरी ओळखावं असं वाटतं. खरं आहे, आणि त्यात वाईट काही नाही. त्याला बोलवा. पण कामाच्या दिवशी बोलवा. वर्ग भरलेले असताना, दवाखान्यात रांग असताना, स्वयंपाकघरात पोळ्या चाललेल्या असताना. मागच्या बाकावर बसू द्या, मुलं जेवतात तेच जेवू द्या, गळकं छप्परही दाखवा. स्वागतगीत नको. ज्याला हे पाहून कंटाळा येईल तो तुमच्या सोहळ्यालाही पुढच्या वर्षी आला नसता.

वर्ष ३१ मार्चला संपतं आणि त्यापुढे सहा महिन्यांत हिशेब तपासून व्हायचे असतात. यंदा फाइल सीएंकडे पाठवाल तेव्हा त्यांच्या कार्यालयातल्या पोराला ही एक ओळ वेगळी काढायला सांगा. सुरुवातीला तो कुरकुर करेल, कारण सगळी व्हाउचरं पुन्हा उलगडावी लागतील. त्याला म्हणावं, दोन दिवसांचं काम आहे. ती ओळ अहवालात छापली की अहवाल मला पाठवा. माझा पत्ता तुमच्या देणगीदारांच्या यादीत आहेच.

आपला,
टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला एक लहान देणगीदार